एकतीस मशिनी आणि एक चरक

अण्णा वाळुंज चांगला माणूस नव्हता. असं लिहिलं की भिकाजी गुरुजी म्हणणार, "शेठ, गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये." पण तो जिवंत असताना लिहिलं असतं तर बेल्ह्याहून मंचरला येऊन, माझ्या दुकानासमोर उभं राहून त्यानं मला शिव्या घातल्या असत्या आणि बाजारपेठेनं कामधंदा सोडून त्या ऐकल्या असत्या. म्हणून आत्ता लिहितो.

माझं मंचरला भांड्यांचं आणि घरगुती वस्तूंचं दुकान आहे. आम्ही जैन; आजोबा राजस्थानातून आले ते इथलेच झाले. नवीन वॉशिंग मशीन घेताना लोक जुनं देऊन जातात, त्या जुन्या मशिनी माझ्या गोदामात साठत गेल्या. एकदा सगळ्या भंगारवाल्याला द्यायच्या म्हणून बाहेर काढल्या. त्यातल्या एकाचं झाकण उघडलं तर आत आकाशी रंगाची टाकी, आणि वेळ लावायचं बटण फिरवलं तर अजून कर्रर करत परत येत होतं. मला ते देववेना. तिथून हा नाद लागला. बायकोनं त्याला दुसरं नाव दिलं होतं, ते इथं लिहीत नाही.

असा नाद असला की माणसाला सोबती निवडता येत नाहीत, जे मिळतील ते घ्यावे लागतात. आमच्या दोन तालुक्यांत मिळून आम्ही तिघेच निघालो. एक मी. दुसरे तळेघरचे भिकाजी गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, मुंगीलाही अहोजाहो करणारे. आणि तिसरा अण्णा. जन्मभर त्यानं विहिरींवरच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेनं भरून दिल्या, आणि त्यातून उरलेल्या वेळात बेल्ह्याच्या बैलबाजाराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये एकतीस जुन्या वॉशिंग मशिनी जमवल्या. पैकी एकही त्यानं कधी कुणाला दिलं नाही, की विकलं नाही. आणि एकही "झालं" असं तो कधी म्हणाला नाही. मशीन सुरळीत फिरत असलं, पाणी गळत नसलं, आवाज येत नसला, तरी अण्णा कान लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "अजून तपासायचंय."

दिसायला किडकिडीत, मान लांब. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं मोटारीतली तांब्याची तार गुंडाळलेली. खांद्यावर उपरणं आणि पिशवीत कायम एक होल्डर, त्यात बल्ब आणि दोन वायरी लोंबत्या. कुणाच्याही घरी गेला की राम राम नाही, पाणी नाही. "अर्थिंग हाय का?" हा पहिला प्रश्न. मशीनच्या अंगात चुकून वीज उतरली तर तिला जमिनीत जायला वाट ठेवायची, तिला अर्थिंग म्हणतात, एवढं आता मला कळतं. तेव्हा मला तो माणूस खुळा वाटला होता. त्याच्याच पुतण्याच्या लग्नात जेवायला बसायच्या आधी यानं मांडववाल्याला बाजूला घेऊन लोखंडी खांबांत वीज उतरलीय का ते बल्ब लावून बघितलं. मांडववाला चिडला. अण्णानं त्याला वऱ्हाडासमोर "मारेकरी" म्हटलं. नवरीच्या बापाला हात जोडावे लागले.

आमची पहिली भेट माझ्या गोदामात झाली. कुणीतरी सांगितलं म्हणून आला होता. मी एका मशीनला नुकताच पांढरा रंग मारून घेतला होता आणि ते कौतुकानं पुढं ठेवलं होतं. त्यानं त्यावरून नख ओढलं.

"कुणी केलं हे?"

"मीच करून घेतलं. चांगलं दिसतंय ना?"

"म्हाताऱ्या बैलाला शिंगं रंगवून बाजारात उभा करत्यात, तसं दिसतंय," अण्णा म्हणाला. "त्यो निदान गिऱ्हाइकाला फसवतो. तू सोताला फसवतोय."

मग त्यानं मशीन उलटं करून तळ उघडला, आतली मोटार बघितली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "शेठ, तुमी लोक बटाटा खात नाय, अन् दुकान टाकलं बटाट्याच्या गावात. तुला कशातलंच काय कळत नसंल." मी त्याला चहा पाजला होता. तो चहाही त्यानं पिऊन टाकला होता. ह्याचा मला जास्त राग आला.

बटाट्यावरून आठवलं. आमच्या भागात जुन्या वॉशिंग मशिनी बऱ्याचदा शेतात सापडतात. आलं, बीट, गाजर बाजारात न्यायच्या आधी त्यात टाकून धुतात. दोन मिनिटांत माल लख्ख होतो. अण्णाला हे कळलं की त्याच्या अंगाची लाही व्हायची. एकदा आम्ही तिघं घोडनदीच्या काठच्या एका मळ्यात गेलो, तर शेतकरी मोठ्या हौसेनं दाखवायला लागला. जुनं दोन टाक्यांचं मशीन, एका टाकीत बीट, लाल पाणी उसळतंय. अण्णानं आधी भिंतीतला प्लग ओढून काढला. मग बाह्या सरसावून सगळं बीट जमिनीवर उपसलं. शेतकरी म्हणाला, "अवो पावणं, माल हाय त्यो!" अण्णा म्हणाला, "ह्ये काय हाय मग? आन् तू ओल्या मातीत अनवानी हुबा. मरायचंय का बीट धुताना?" दोघांची अशी जुंपली की गुरुजी मध्ये पडले आणि त्यांचाच सदरा फाटला. शेवटी मी माझ्या दुकानातलं एक धड मशीन त्या शेतकऱ्याला देऊन ते जुनं सोडवलं. ते अण्णाच्या शेडमध्ये गेलं. आभार वगैरे काही नाही. त्यानं तळातली वाटीभर माती काढून बाटलीत भरून ठेवली आणि कुणी आलं की दाखवायचा, "ही बघा मानसाची अक्कल."

गुरुजींचंही तसंच. तळेघरच्या वरच्या अंगाला एका जुन्या विश्रामगृहात मोडीत पडलेलं मशीन त्यांना मिळालं. तिथून रस्त्यापर्यंत गाडी येत नाही. गुरुजींनी गावातल्या दोन माणसांना घेऊन मशीन बांबूला बांधलं आणि भाताच्या खाचरांच्या बांधांवरून चालत खाली आणलं. तिथून टेम्पोनं थेट बेल्ह्याला. पासष्टीच्या माणसानं हे सगळं केलं होतं. अण्णानं मशीनचा वास घेतला.

"उलटं बांधलं व्हतं का?"

"हो, तसं जरा सोपं गेलं," गुरुजी म्हणाले.

"गिअरचं सगळं तेल वरनं गळालं. न्या परत."

"परत? वर?"

"मंग काय माज्या डोक्यावर? तेल कुटं कुटं सांडलं त्ये बगत जा. शाळंत पोरान्लाबी असंच उलटं बांधत व्हता काय?"

गुरुजी हसले. मला हसू आलं नाही. मी अण्णाला तिथंच सांगितलं की तुझ्यासारख्या माणसाला मशिनीच लागतात, कारण त्यांना उठून जाता येत नाही. अण्णा म्हणाला, "तू जा की उठून." मी गेलो. पुढच्या बाजारच्या दिवशी परत आलो. काय करणार, त्या मशीनचा गिअर बघायचा होता.

हे असं चालायचं. पण ज्या गोष्टीमुळे मला त्याचा खरा संताप यायचा ती शेडमध्ये नव्हती, घराच्या मागं होती. एकतीस मशिनी बाळगणाऱ्या ह्या माणसाची बायको धुणं दगडावर धूत होती. हापशाजवळ एक काळा दगड, बाजूला बादल्या, आणि वहिनी पदर खोचून चादरी आपटतायत. आम्ही शेडमध्ये मोटारीचा आवाज ऐकत बसायचो आणि मागून दगडावर कपडा आपटल्याचा आवाज यायचा. मी एकदा विचारलं. अण्णा म्हणाला, "तुज्या घरात कोन धुतं त्ये मी इचारलं का?"

आता चरकाचं सांगतो.

बेल्ह्याच्या बाजारात भंगारवाल्याच्या टेम्पोतून अण्णाला एक गोल टाकीचं विलायती मशीन मिळालं. पांढरी मुलाम्याची टाकी, खाली तीन पाय, फार जुनं. तसलं आमच्या भागात आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. टाकी विजेवर फिरायची, पण कपडे पिळायला वर कडेला दोन रबरी लाटणी लागायची, हातानं फिरवायची, अगदी उसाच्या रसाच्या चरकासारखी. ती नव्हती. कडेला नुसती भोकं राहिली होती. अण्णानं वर्षभर तो चरक शोधला. आणि सापडला मला, मंचरमध्येच. एक बाई त्यावर उडदाचे पापड लाटत होती. मी तिला स्टीलच्या डब्यांची अख्खी चळत दिली आणि चरक घरी आणला. अण्णाच्या मशीनचाच, खुणेला खूण जुळत होती.

अण्णा दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. बैलबाजारात व्यापारी आकडा तोंडानं बोलत नाहीत, उपरण्याखाली हात घालून बोटं दाबतात. त्यानं तसंच केलं. गल्ल्यावर उपरणं टाकलं, माझा हात खाली ओढला आणि बोटं दाबायला लागला. मी मूठ मिटून घेतली.

"मला काही नको," मी म्हणालो. "वहिनींना एक मशीन लावून दे. कपड्यांचा एक घाणा त्यांनी मशीनमध्ये धुतला की त्याच दिवशी चरक तुझा."

अण्णाचा चेहरा असा झाला, जणू मी त्याच्या तोंडावर थुंकलोय. त्यानं उपरणं झटकलं. "माज्या घरात नाक घालायचं न्हाई," म्हणाला, आणि निघून गेला.

त्यानंतर सात वर्षं अबोला. टाकी बेल्ह्याला, चरक मंचरला. गुरुजी दोन्हीकडे जायचे आणि दोन्हीकडून बोलणी खायचे. आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, पुण्यामुंबईचेही काही हौशी त्यात आले होते. कुणी मशीनचा फोटो टाकला की अण्णाचा आवाज यायचा, "रंग काड." माझ्या फोटोवर तेवढंही नाही. दर वर्षी संवत्सरीला आम्ही जैन लोक सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणतो, वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा म्हणून. मी अण्णालाही पाठवायचो. खरं सांगतो, क्षमा मागायची म्हणून नाही, त्याला टोचावं म्हणून. त्याचं उत्तर दर वर्षी एकच यायचं: "माफी नको. चरक दे."

मग एक दिवस गुरुजी दुकानात आले आणि बराच वेळ ताटल्या बघत बसले. शेवटी म्हणाले, "शेठ, वहिनींची बोटं वळत नाहीत हो आता. सांधे धरलेत. परवा चादर पिळताना बघवलं नाही."

माझं डोकं सणकलं. मी चरक गाडीत टाकला, गुरुजींना बसवलं आणि बेल्हे गाठलं. ठरवूनच गेलो होतो की आज त्याच्या शेडमधलं एक मशीन उचलून वहिनींच्या पुढ्यात ठेवायचं, मग फौजदारी झाली तरी चालेल.

अण्णा बाजारात गेला होता. वहिनी मागं दगडापाशी होत्या. चादरीचं एक टोक त्यांनी पेरूच्या झाडाला बांधलं होतं आणि दुसरं दोन्ही मनगटांत धरून सगळं अंग फिरवून पीळ घालत होत्या. बोटं त्यात कुठं लागतच नव्हती. पाणी निम्मं तसंच राहत होतं.

"वहिनी, आज मी मशीन लावून दिल्याशिवाय जाणार नाही," मी म्हणालो.

त्या हसल्या. "कुटलं लावता भाऊ? त्यान्ला इचारा. म्हनतील, अजून तपासायचंय."

"म्हणू दे."

वहिनींनी चादर सोडली आणि ओले हात पदराला पुसले. मग त्यांनी जे सांगितलं ते एवढंच होतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. अण्णानं पहिलं मशीन दुरुस्त केलं आणि हौसेनं बायकोसाठी घरात लावलं. अर्थिंग नव्हतं. त्यांनी ओल्या पायानं झाकणाला हात लावला आणि चिकटल्या. अण्णानं वायर तोडली तेव्हा त्या खाली पडल्या, आणि बराच वेळ शुद्धीवर आल्या नाहीत. "हे डोक्याशी बसून व्हते. मला उटल्यावर म्हनले, मेली व्हतीस तू. तवापून एकबी मशीन मला शिवू देत न्हाईत. मी धा येळा म्हनले, लावा, काय व्हत न्हाई. म्हनत्यात, उद्या. एवडं तपासून व्हऊ दे. तीस वर्सं झाली."

गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. मला काय वाटलं ते लिहितो, चांगलं वाटो न वाटो. मला अण्णाची कीव आली, पण ती पाच मिनिटंच टिकली. नंतर मला आधीपेक्षा जास्त राग आला.

तेवढ्यात तो आलाच. मला बघून दारातच थांबला.

"कुनी बोलावलं ह्याला?"

"अण्णा, मला वहिनींनी सगळं सांगितलं," मी म्हणालो. "भीती तुझी आणि हात तिचे. तीस वर्षं तू मशिनी तपासतोयस आणि ती दगडावर हात झिजवतेय. एकदा तिचे हात तपास."

मला वाटलं होतं तो अंगावर येईल. तो आला नाही. त्यानं वहिनींच्या हातांकडे बघितलं आणि पटकन नजर माझ्याकडे वळवली. मग हळू आवाजात म्हणाला, आणि अण्णाचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, "तुज्या दुकानातनं आजपावतर किती मशिनी गेल्या, शेठ? एकाच्या तरी घरी जाऊन अर्थिंग बगितलं का तू?"

मी नव्हतं बघितलं. एकदाही नाही. मशीन टेम्पोत चढलं की माझं काम संपत होतं. गुरुजी माझ्याकडे बघत होते. चोरी पकडली गेली की माणूस ओरडतो तसा मी ओरडलो. गाडीतून चरक काढून आणला आणि त्या काळ्या दगडावर आदळला.

"हे घे. ह्याला वीज लागत नाही. हातानं फिरतो. ह्याची तरी भीती नाही ना तुला?"

अण्णानं चरकाला हात लावला नाही. सात वर्षांनी तो त्याच्यासमोर होता, आणि हा बघत होता तो कसा दगडावर पडलाय ते. "ह्यो टाकीचा हाय," म्हणाला. "त्याची भोकं टाकीवर हायती. दगडाला लावला तर टाकी जन्माची अपुरी ऱ्हाईल."

"राहू दे अपुरी."

"तुला काय कळतंय त्यात? घिऊन जा."

"नाही नेत."

"घिऊन जा म्हनतो ना! न्हाईतर हापशाखाली टाकीन."

आम्ही निघालो तेव्हा तो मागून ओरडतच होता. बाजारातली माणसं वळून बघत होती. गाडी आळेफाट्याला आली. गुरुजी म्हणाले, "शेठ, तुमचंही जरा चुकलं." मी म्हणालो, कुठं चुकलं ते सांगू नका, मला माहीत आहे. दुसऱ्या दिवसापासून मी बल्ब लावलेला एक होल्डर दुकानात आणून ठेवला. आता मशीन विकलं की बसवायला जाणारा माणूस आधी तो लावून बघतो. लोक वैतागतात. एका गिऱ्हाइकानं मला खुळा म्हटलं.

दोनेक महिन्यांनी गुरुजींना बेल्ह्याच्या बाजारात काम होतं. मीही गेलो. अण्णाकडे जायचं नाही असं ठरवलं होतं, पण शेडच्या मागून जायला रस्त्यावर कुणाची मनाई नव्हती. कुंपणाला घाणेरीची झुडपं आहेत. तिथं आम्ही थांबलो.

चरक दगडावर बसवलेला होता. नुसता ठेवलेला नाही, दगडाला चार भोकं पाडून बोल्टांनी आवळलेला. पापडवालीकडून आणलेला होता तसाच होता, त्यावर रंगाचा एक थेंब नव्हता. वहिनी एका बाजूनं चादरीचं टोक लाटण्यांत सरकवत होत्या आणि पलीकडे अण्णा दांडा फिरवत होता. चादर चपटी होऊन बाहेर येत होती, पाणी दगडावरून वाहत होतं. "हात मागं घे," तो दर फेऱ्याला ओरडत होता. "आगं मागं घे म्हनतो ना, बोटं जात्याल!" वहिनी "व्हय व्हय" म्हणत तसंच सरकवत होत्या. शेडचं दार उघडं होतं. आत ती पांढरी टाकी दिसत होती, तीन पायांवर, कडेची भोकं रिकामी.

गुरुजींनी माझ्या दंडाला हात लावला आणि बोटानं खाली दाखवलं.

चरकाच्या लोखंडी पायाला एक हिरवी वायर जोडलेली होती. नीट, खिळ्याखिळ्यानं बसवत ती दगडावरून खाली उतरली होती आणि पेरूच्या बुंध्याशी जमिनीत गेली होती. तिथली माती ताजी उकरलेली होती, आणि कडेला मिठाची रिकामी गोणी आणि कोळशाचा चुरा पडलेला होता. अर्थिंगचा खड्डा भरताना मीठ आणि कोळसा टाकतात.

"शेठ," गुरुजी हळूच म्हणाले, "ह्यात वीज कुठंय?"

अण्णानं आमच्याकडे बघितलं. दांडा फिरवायचा तो थांबला नाही.

"काय बगतो रं, शेठ?" तो ओरडला. "जा तिकडं. अजून तपासायचंय!"